क्वांटम किल्ली-वितरणातील चूकदुरुस्ती : उघड सांगितलेल्या पॅरिटीचा हिशेब कसा मांडावा?

प्रश्न
सदस्य : करवीर_इलेक्ट्रॉनिक्स (कोल्हापूर)

नमस्कार. मी कोल्हापुरात एम.एस्सी. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षात शिकते. प्रकल्पासाठी मी क्वांटम किल्ली-वितरणाचा (फोटॉन पाठवून दोघांत गुप्त किल्ली ठरवण्याच्या पद्धतीचा) उत्तरार्ध हाती घेतला आहे. फोटॉन पाठवण्याचा आणि टिपण्याचा भाग संगणकावर कृत्रिमरीत्या तयार करायचा, आणि ॲलिस (पाठवणारी) व बॉब (घेणारा) यांच्या हाती गाळीव किल्ली, म्हणजे दोघांनी एकच बेस (फोटॉन मोजण्याची दिशा) वापरलेल्या ठिकाणचे बिट, आल्यानंतरचा सगळा प्रवास, म्हणजे चूकदुरुस्तीपासून अंतिम गुप्त किल्लीपर्यंतचा, प्रयोगशाळेतील दोन संगणकांवर प्रत्यक्ष चालवून दाखवायचा, असे त्याचे स्वरूप आहे. मार्गदर्शक मॅडमनी उदाहरण म्हणून असे चित्र समोर ठेवायला सांगितले आहे की एका सहकारी बँकेचे मुख्य कार्यालय कोल्हापुरात आहे, तिचे पर्यायी डेटा केंद्र सांगलीत आहे आणि दोहोंमध्ये सुमारे ५० किलोमीटर फायबर आहे.

सध्या १,००,००० बिटांची गाळीव किल्ली आणि ५ टक्के चूकदर धरून मी कॅस्केड ही चूकदुरुस्तीची पद्धत लिहिली आहे. शेवटी दोन्ही बाजूंच्या किल्ल्या तंतोतंत जुळतात. मात्र अंतिम किल्ली किती लांबीची धरायची, यावर आमच्या गटात एकमत होत नाही. चूकदुरुस्तीच्या वेळी ॲलिस आपल्या बिटांच्या गटांची पॅरिटी (गटात एक हा अंक सम वेळा आहे की विषम) उघडपणे सांगते, बॉबही आपली सांगतो. मग चोरून ऐकणाऱ्या ईव्हला मिळालेली माहिती मोजताना एकाच बाजूच्या पॅरिटी मोजायच्या की दोन्हींच्या? एका वर्गमित्राचे म्हणणे असे की इतका खटाटोप करण्यापेक्षा ज्या गटाची पॅरिटी जुळत नाही तो गटच टाकून द्यावा. दुसऱ्याचे मत असे की आता कॅस्केड कोणी वापरत नाही, एलडीपीसी ही दुसरी चूकदुरुस्तीची पद्धत लिहावी. आणि तिसरा विचारतो की विषय क्वांटमचा असताना शोर यांचा नऊ क्युबिटांचा (क्वांटम बिटांचा) कोड का वापरत नाही? जाणकारांनी सविस्तर मार्गदर्शन करावे, ही विनंती.


उत्तर
सदस्य : रंकाळा_काठ

शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण तिचा उलगडा झाला की बाकीच्या गोष्टी आपापल्या जागी बसतात. शोर यांनी १९९५ साली मांडलेला नऊ क्युबिटांचा कोड किंवा १९९६ मधला स्टीन यांचा सात क्युबिटांचा कोड हे क्युबिटाची अवस्था मोजमाप न करता जपण्यासाठी आहेत, आणि त्यांची गरज क्वांटम संगणकाला लागते. किल्ली-वितरणात बॉब फोटॉन मोजून मोकळा होतो. त्यानंतर दोघांच्या हाती उरतात त्या शून्य-एकच्या साध्या माळा, ज्या बहुतांश सारख्या असतात आणि थोड्या ठिकाणी वेगळ्या. त्या जुळवण्याचे काम पूर्णपणे अभिजात स्वरूपाचे आहे आणि ते साध्या संगणकावर होते. दोन्ही विषयांचा सांधा एका ठिकाणी मात्र नक्की आहे. शोर आणि प्रेस्किल यांनी २००० साली बीबी८४ या मूळ किल्ली-वितरण पद्धतीच्या सुरक्षिततेची जी सिद्धता दिली, तिच्यात क्वांटम चूकदुरुस्तीचे कोड कागदावर वापरले आणि मग दाखवून दिले की प्रत्यक्षात अभिजात चूकदुरुस्ती आणि गुप्ततावर्धन (ईव्हला कळलेली माहिती निकामी व्हावी म्हणून किल्ली आखूड करणे) एवढ्यावर भागते. सुमारे ११ टक्के चूकदराची जी मर्यादा आपण नेहमी वाचतो, ती याच सिद्धतेतून येते.

दुसरी एक गोष्ट आधी पक्की करावी. चुका कुठून आल्या, हे ॲलिस आणि बॉबला कळण्याचा मार्ग नाही. डिटेक्टरमधील काळोखातल्या खोट्या नोंदी, ध्रुवीकरणाची किंचित ढळलेली दिशा, आधीच्या नोंदीनंतर मागाहून उमटणारी खोटी नोंद, अशी साधी कारणे असतात. ईव्हने प्रत्येक फोटॉन अडवून, मोजून पुढे पाठवला तर गाळीव किल्लीत २५ टक्के चुका दिसतात. पण तिने त्यांतले थोडेच फोटॉन अडवले असतील तर दिसणाऱ्या ५ टक्के चुका उपकरणाच्या की तिच्या, हे सांगता येत नाही. म्हणून सर्वच्या सर्व चुका तिच्या खात्यावर टाकायच्या, हा नियम. बेनेट आणि ब्रासार्ड यांनी १९८४ साली बीबी८४ पद्धत जगासमोर मांडली ती आपल्याच देशात, बंगळुरूच्या एका परिषदेत. पुढे त्यांनी सहकाऱ्यांसह सुमारे ३० सेंटीमीटर हवेतून पहिला प्रयोग केला. त्याचा १९९२ सालचा निबंध अवश्य वाचावा, कारण पॅरिटी विचारून चूक शोधण्याची कल्पना त्यातच प्रत्यक्ष वापरलेली दिसते.

आता एक गट हातात घेऊन पाहू. ॲलिसकडे १०११००१० आहे आणि बॉबकडे १०११०११० आहे. ॲलिसकडे एक हा अंक चार वेळा, म्हणून पॅरिटी सम. बॉबकडे पाच वेळा, म्हणून विषम. पॅरिटी जुळत नाही, म्हणजे या गटात विषम संख्येने चुका आहेत. गट अर्धा करावा. पहिल्या चार बिटांची पॅरिटी दोघांकडे विषम, म्हणजे जुळते. चूक उरलेल्या चारांत आहे. पाचव्या-सहाव्या बिटांची पॅरिटी ॲलिसकडे सम आणि बॉबकडे विषम. चूक त्या दोहोंत आहे. ॲलिस पाचवा बिट शून्य असल्याचे सांगते, बॉबकडेही शून्यच आहे, म्हणून सहावा बिट चुकलेला ठरतो आणि बॉब तो उलटतो. शाहू मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडतीवर दोन वह्यांच्या बेरजा जुळल्या नाहीत की दिवाणजी अर्ध्या पानांची बेरीज ताडून बघत बघत चुकीच्या नोंदीपर्यंत पोचतो, तसाच हा शोध आहे. फरक एवढाच की इथली प्रत्येक बेरीज भर बाजारात मोठ्याने सांगावी लागते. आठ बिटांच्या या गटात एक चूक सापडली आणि त्यासाठी ॲलिसने चार पॅरिटी उघड केल्या. या चारही स्वतंत्र आहेत, एकीवरून दुसरी काढता येत नाही. त्यामुळे ईव्हच्या दृष्टीने या गटाची गुप्तता चार बिटांनी घटली. १९९२ च्या प्रयोगात यावर उपाय म्हणून उघड झालेल्या प्रत्येक पॅरिटीमागे त्या गटातला शेवटचा बिट टाकून देत असत. ब्रासार्ड आणि साल्वाइल यांनी १९९३ साली कॅस्केड मांडताना हे टाकणे थांबवले. बिट सगळे ठेवायचे, उघड झालेल्या पॅरिटींची मोजदाद ठेवायची आणि शेवटी गुप्ततावर्धनाच्या वेळी तेवढी लांबी एकदम वजा करायची.

बिट न टाकण्यातच कॅस्केडचे सगळे सामर्थ्य आहे. पहिल्या फेरीत गटाची लांबी ०.७३ भागिले चूकदर इतकी घेतात. तुमच्या ५ टक्क्यांसाठी ती १४.६, म्हणजे सुमारे १५ येते. ज्या गटात दोन चुका आहेत तो या फेरीत जुळल्यासारखा दिसतो आणि निसटतो. दुसऱ्या फेरीत बिटांचा क्रम विस्कटून दुप्पट लांबीचे गट करतात. तिथे एखादी चूक सापडून दुरुस्त झाली की तो बिट पहिल्या फेरीत ज्या गटात होता, त्या गटात आता एकच चूक उरते आणि त्याची पॅरिटी बिघडलेली दिसू लागते. मग मागे जाऊन तो गट पुन्हा शोधायचा. तिथे सापडलेली चूक आणखी एखाद्या गटाला उघडे पाडते. मूळ पद्धतीत अशा चार फेऱ्या आहेत. जुने गट शाबूत ठेवले नसते तर ही साखळी चालली नसती.

गट टाकून देण्याच्या सूचनेचे उत्तर आकड्यांतच मिळते. १५ बिटांचा गट आणि ५ टक्के चूकदर घेतला तर सुमारे ४६ टक्के गटांत एकही चूक नसते, सुमारे ४० टक्के गटांची पॅरिटी बिघडते आणि उरलेल्या १४ टक्के गटांत दोन किंवा चार अशा सम संख्येने चुका असूनही पॅरिटी जुळते. म्हणजे ४० टक्के किल्ली फेकून दिल्यावरही शिल्लक भागातील चूकदर ५ वरून जेमतेम ३.२ टक्क्यांवर येतो. हा सौदा परवडणारा नाही. मात्र ही कल्पना मुळातच निरुपयोगी आहे, असेही समजू नये. चूकदर ११ टक्क्यांच्या पलीकडे गेलेला असताना दोन-दोन बिटांचे गट करून न जुळणारे टाकून देण्याचा मार्ग आहे. असा दुतर्फा संवाद वापरून मर्यादा सुमारे २० टक्क्यांपर्यंत नेता येते, हे २००२-०३ च्या सुमारास सिद्ध झाले आहे. किल्ली फार थोडी मिळते, पण शून्यापेक्षा जास्त मिळते.


उत्तर
सदस्य : फायबर_जोडणी

मी या पट्ट्यात फायबरच्या देखभालीचे काम करतो, त्यामुळे कॅस्केड की एलडीपीसी या प्रश्नाकडे प्रत्यक्ष लाइनच्या बाजूने पाहतो.

कोल्हापूर ते सांगली ५० किलोमीटर धरले तर १५५० नॅनोमीटरला किलोमीटरमागे सुमारे ०.२ डेसिबल या हिशेबाने १० डेसिबल घट होते, म्हणजे दहातला एक फोटॉन पोचतो. जोडण्या आणि कनेक्टर यांची घट वेगळी. क्वांटम बाजूने हे अंतर सहज झेपणारे आहे. अडचण दुसरीकडे येते. फायबरमध्ये प्रकाशाला किलोमीटरमागे ५ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे एक प्रश्न आणि त्याचे उत्तर यात अर्धा मिलिसेकंद जातो. तुमच्या १,००,००० बिटांत ५,००० चुका आहेत आणि एक चूक शोधायला पहिल्या फेरीत सुमारे चार प्रश्न लागतात. कार्यक्रम एका वेळी एकच चूक शोधत असेल तर २०,००० प्रश्नोत्तरे होतात आणि त्यांना १० सेकंद लागतात. प्रयोगशाळेत दोन संगणक एकाच टेबलावर असल्याने हे जाणवणार नाही, म्हणून मुद्दाम अर्ध्या मिलिसेकंदाचा विलंब घालून पाहा. उपाय सोपा आहे. फेरीतील सर्व बिघडलेल्या गटांचे पहिले अर्धे एकाच संदेशात पाठवावेत, मग सर्वांचे पुढचे अर्धे, याप्रमाणे. पहिली फेरी मग पाच-सहा संदेशांत आटोपते आणि उघड होणाऱ्या बिटांची संख्या तेवढीच राहते. मागे जाऊन शोधण्याच्या टप्प्यात थोडी गुंतागुंत वाढते, पण तिथेही सापडलेल्या सर्व चुकांचे परिणाम एकत्र करून पुढे जाता येते. त्यामुळे कॅस्केड कालबाह्य झाले, हे मत मला मान्य नाही. ही पद्धत गणनेला हलकी आहे, चूकदराचा अंदाज थोडा चुकला तरी कोलमडत नाही आणि चांगल्या रीतीने जुळवलेली असेल तर शॅनन-मर्यादेच्या, म्हणजे किमान जेवढे बिट उघड करावेच लागतात त्या आकड्याच्या, अगदी जवळ जाते.

एलडीपीसीचे कोड गॅलेगर यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडले, मग ते बराच काळ बाजूला पडले आणि १९९० च्या दशकात पुन्हा वर आले. आज घरोघरीच्या उपग्रह दूरचित्रवाणीपासून ५जी पर्यंत ते सर्वत्र आहेत. किल्ली-वितरणात ते जरा वेगळ्या तऱ्हेने वापरतात. ॲलिस आपल्या किल्लीला पॅरिटी-तक्त्याने गुणून जो सिंड्रोम येतो, तेवढाच एका संदेशात पाठवते. बॉब आपल्या किल्लीपासून सुरुवात करून, तोच सिंड्रोम देणारी सर्वांत संभाव्य माळ शोधतो. जाण्यायेण्याचा खेळ संपतो. भार पडतो तो बॉबच्या गणनेवर, म्हणून जलद यंत्रणांत ग्राफिक्स कार्ड किंवा एफपीजीए (हवी तशी रचना करता येणारी चिप) लावतात.

इथे आपल्या भागातली परिस्थिती ध्यानात घ्यायला हवी. जमिनीत पुरलेली फायबर शांत असते. खांबांवरून ओढलेली फायबर वाऱ्याने हलते, उन्हाने तापते आणि तिच्यातील ध्रुवीकरण सतत फिरत राहते. ध्रुवीकरणात माहिती भरली असेल तर भरपाई करणारी यंत्रणा असूनही चूकदर दिवसभर वरखाली होतो. मे महिन्यातल्या दुपारचा आकडा आणि पहाटेचा आकडा एक असेल, असे धरून चालता येत नाही. एलडीपीसीचा कोड मात्र ठरावीक दराचा असतो, म्हणजे किती लांबीचा सिंड्रोम सांगायचा हे आधीच ठरलेले असते. उदाहरणार्थ डीव्हीबी-एस२ या उपग्रह प्रसारणाच्या मानकातील ६४,८०० बिटांचा दोन-तृतीयांश दराचा कोड घ्या. त्याचा सिंड्रोम २१,६०० बिटांचा. चूकदर ५ टक्के असेल तर शॅननच्या हिशेबाने किमान सुमारे १८,५६० बिट लागतातच, म्हणजे आपण किमानापेक्षा १६ टक्के जास्त उघड करतो. हे ठीक आहे. चूकदर ३ टक्क्यांवर उतरला तर किमान गरज सुमारे १२,६०० बिटांची, आणि आपण मात्र तेच २१,६०० सांगत बसतो, किमानाच्या १.७ पट. उलट तो ६.१५ टक्क्यांच्या वर गेला तर या दराचा कोणताही कोड पुरा पडणार नाही, आणि प्रत्यक्षातला डिकोडर त्याच्या बराच आधी हात टेकतो. म्हणून काही बिट उभयतांना आधीच ठाऊक असलेले भरून किंवा काही जागी यादृच्छिक बिट घालून कोडचा दर खालीवर करतात, किंवा पहिला प्रयत्न फसला तर आणखी थोडी माहिती मागाहून सांगतात. ही सोय न करता ठरावीक दराचा एकच कोड वापरून एलडीपीसीची कॅस्केडशी तुलना करणे मला अन्यायाचे वाटते.

प्रकल्पासाठी माझा सल्ला असा की कॅस्केड पूर्ण करावे, संदेश एकत्र पाठवण्याची सुधारणा करावी आणि वेळ उरला तर वरच्या डीव्हीबी-एस२ कोडचा तयार तक्ता घेऊन सिंड्रोमची पद्धत चालवून बघावी. डिकोडरला सुरुवातीचे मूल्य देताना चूकदर लागतो, हे विसरू नये. ५ टक्क्यांसाठी ते ९५ भागिले ५ याचा नैसर्गिक लॉगरिदम, म्हणजे २.९४.


प्रतिसाद
सदस्य : करवीर_इलेक्ट्रॉनिक्स

रंकाळा_काठ सर, फायबर_जोडणी दादा, दोघांचीही मनापासून आभारी आहे. विलंब घालून पाहण्याची सूचना लगेच अमलात आणते. आठ बिटांच्या उदाहरणातही बॉबची पॅरिटी जुळली की नाही, हे ईव्हला कळतेच. ते मोजायचे की नाही, हा मूळ प्रश्न अजून शिल्लक आहे.


उत्तर
सदस्य : विषम_सम

हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा खोल आहे आणि तो विचारला गेला याचे मला समाधान वाटते, कारण अनेक वर्षे पुष्कळ निबंधांतून तो एका वाक्यात उरकला जात होता.

आधी प्रचलित उत्तर. ॲलिसची पॅरिटी ही तिच्या किल्लीविषयीची माहिती आहे; अंतिम किल्ली ॲलिसच्या माळेपासून बनते; म्हणून ॲलिसने उघड केलेल्या पॅरिटी मोजल्या की झाले, असे म्हणत. बॉबच्या पॅरिटीतून ईव्हला वेगळे काय कळते? ॲलिसची आणि बॉबची पॅरिटी यांची बेरीज केली की त्या गटात चुका सम आहेत की विषम, हे कळते. म्हणजे किल्ली कळत नाही, चुकांच्या जागा कळतात. ही माहिती निरुपद्रवी आहे असे गृहीत धरले जाई. पण ईव्हने स्वतःच काही फोटॉन छेडलेले असतील, तर चूक कुठे पडली हे कळणे तिला आपल्या जुन्या नोंदींशी ताडून बघता येते, आणि तिथे ही माहिती निरुपद्रवी राहतेच असे नाही. २०२३ साली ल्युटकेनहाउस आणि त्यांच्या सहकाऱ्याने नेमके याच त्रुटीवर बोट ठेवले. त्यांनी सुचवलेला मार्ग मला फार समाधानकारक वाटतो. चुकांच्या जागांची संपूर्ण यादी ईव्हला आपण होऊन देऊन टाकली आहे, असे सुरुवातीलाच धरावे आणि तिच्याकडे ती यादी असतानाही किल्लीविषयी तिचे अज्ञान किती उरते, ते काढावे. एकदा यादी दिली की बॉबच्या पॅरिटीतून नवीन काहीच निघत नाही, कारण ॲलिसची पॅरिटी आणि यादी यांवरून बॉबची पॅरिटी कोणालाही काढता येते. मग ॲलिसच्या पॅरिटी तेवढ्या वजा करणे पूर्णपणे समर्थनीय ठरते. दोन्ही बाजूंच्या पॅरिटी सरळ वजा करणे सुरक्षित आहे, पण त्यात किल्लीचा मोठा भाग विनाकारण हातचा जातो.

तुमच्या प्रकल्पात, जिथे एकेकटा फोटॉन आणि दोन्ही बेसमध्ये सारखाच चूकदर असे सरळ गृहीतक आहे, तिथे या नव्या हिशेबाने उत्तर बदलत नाही. प्रत्यक्षातील इतर काही परिस्थितींत मात्र किल्ली कमी होते, म्हणून अहवालात हा मुद्दा एका परिच्छेदात तरी यावा.

आता आकडे. ५ टक्के चूकदराची द्विमान एन्ट्रॉपी (एका बिटामागची अनिश्चितता) ०.२८६४ आहे. १,००,००० बिटांमागे चूकदुरुस्तीसाठी किमान २८,६४० बिट उघड करावेच लागतात. तुमची कॅस्केड किमानाच्या १.२ पट सांगत असेल तर सुमारे ३४,३७० बिट. फोटॉनांशी केलेल्या छेडछाडीतून ईव्हला मिळू शकणारी माहिती याव्यतिरिक्त २८,६४० बिट. दोन्ही वजा केल्यावर सुमारे ३७,००० बिट उरतात. गुणक १.०५ वर आणला तर हाच आकडा ४१,३०० च्या आसपास जातो. यातही १.२ हा गुणक पुस्तकातून उचलून लिहू नये. कार्यक्रमात एक मोजणी ठेवून ॲलिसच्या बाजूने प्रत्यक्ष बाहेर पडलेली प्रत्येक पॅरिटी नोंदवावी आणि तीच वजा करावी.

या गुणकाचे महत्त्व सगळीकडे सारखे नसते, आणि माझ्या मते प्रकल्पात हा आलेख काढून दाखवण्यासारखा आहे. चूकदर १ टक्का असेल तर १.२ गुणकाने ८२ टक्के किल्ली हाती येते आणि १.१ ने ८३ टक्के, फरक नगण्य. चूकदर ९ टक्के असेल तर १.२ ने सुमारे ४ टक्के किल्ली उरते आणि १.१ ने सुमारे ८.३ टक्के, म्हणजे दुपटीहून अधिक. १.२ गुणकाने किल्ली साडेनऊ टक्के चूकदराच्या आसपासच शून्यावर येते. ११ टक्क्यांचा आकडा आदर्श चूकदुरुस्तीचा आहे. जून २०२५ मध्ये डीआरडीओ आणि आयआयटी दिल्ली यांनी मोकळ्या हवेतून १ किलोमीटरहून अधिक अंतरावर गुंतलेल्या फोटॉनांच्या साहाय्याने किल्ली-वितरण करून दाखवले. तेव्हा सेकंदाला सुमारे २४० बिट किल्ली आणि ७ टक्क्यांहून कमी चूकदर जाहीर झाला होता. ७ टक्क्यांच्या जवळपास काम करणाऱ्या कोणत्याही यंत्रणेत चूकदुरुस्तीचा गुणक ०.१ ने सुधारला तर हाती येणारी किल्ली सुमारे एकपंचमांशाने वाढते. फोटॉनांच्या बाजूने तेवढी वाढ मिळवायची तर चांगला डिटेक्टर लागेल. इथे ती कार्यक्रम नीट लिहून मिळते.

दोन गोष्टी तुमच्या मांडणीत आलेल्या नाहीत, त्या जोडाव्यात. पहिली पडताळणीची. दोन्ही किल्ल्या जुळतात हे तुम्ही पाहू शकता, कारण दोन्ही संगणक तुमच्यासमोर आहेत. ॲलिस आणि बॉब यांना तसे पाहता येत नाही. म्हणून दुरुस्तीनंतर यादृच्छिकपणे निवडलेले, सार्वत्रिक कुळातले हॅश-फलन (लांब माळेपासून छोटे उत्तर काढणारे सूत्र) दोघांनी आपापल्या किल्लीवर चालवावे आणि उत्तर ताडून पाहावे. ६४ बिटांचे उत्तर घेतले तर वेगळ्या किल्ल्या चुकून सारख्या ठरण्याची शक्यता २ च्या ६४ व्या घातात एक इतकीच राहते. हे ६४ बिटही वजा करायचे. उत्तर जुळले नाही तर तो सगळा तुकडा टाकून द्यावा; एक बिट जरी वेगळा राहिला तरी गुप्ततावर्धनानंतर दोघांच्या किल्ल्यांचा एकमेकींशी काहीही संबंध उरत नाही.

दुसरी गोष्ट ओळख पटवण्याची. पॅरिटीचे संदेश गुप्त नसले तरी चालतात, पण ते ॲलिसचेच आहेत याची खात्री नसेल तर ईव्ह मध्ये बसून दोघांशी वेगवेगळी किल्ली ठरवेल आणि सगळी भौतिकी वाया जाईल. वेगमन आणि कार्टर यांनी १९८१ साली दिलेली पद्धत यासाठी वापरतात आणि तिला आधीपासून दोघांकडे असलेली थोडी किल्ली खर्ची पडते. कॅस्केडमध्ये छोटे छोटे संदेश पुष्कळ असल्याने प्रत्येकावर स्वतंत्र शिक्का मारणे महागात जाते. त्याऐवजी संपूर्ण संवादाची नोंद ठेवून शेवटी एकदाच ती तपासावी, आणि ती तपासणी पार पडेपर्यंत किल्ली कोणत्याही कामाला लावू नये. बँकेचे उदाहरण घेतले आहे, तेव्हा सुरुवातीची ही किल्ली कोल्हापूरहून सांगलीला कोण आणि कशी नेणार, हेही अहवालात लिहावे. परीक्षक हा प्रश्न विचारतील, आणि विचारायलाच हवा.


प्रतिसाद
सदस्य : करवीर_इलेक्ट्रॉनिक्स

विषम_सम सर, चुकांच्या जागांची यादी आधीच देऊन टाकण्याची कल्पना आता नीट समजली. एकच शंका उरते. कॅस्केडच्या पहिल्या गटाची लांबी ठरवायला चूकदर लागतो, आणि तो काढण्यासाठी किल्लीचा काही भाग उघड करून ताडून पाहावा लागतो. असा नमुना किती मोठा घ्यावा?


उत्तर
सदस्य : रंकाळा_काठ

लहान घ्यावा. २,००० बिट उघड करून ताडले तर ५ टक्क्यांच्या आसपास प्रमाणित विचलन सुमारे अर्ध्या टक्क्याचे येते. म्हणजे अंदाज साडेचार निघाला तर गटाची लांबी १६ येईल आणि साडेपाच निघाला तर १३. एवढ्या फरकाने कॅस्केड बिघडत नाही, उघड होणाऱ्या पॅरिटी किंचित वाढतात इतकेच. उघड केलेले २,००० बिट अर्थातच किल्लीतून काढून टाकायचे. यंत्रणा सतत चालू असेल तर मागच्या तुकड्याचा चूकदर पुढच्या तुकड्यासाठी वापरता येतो आणि नमुन्याची गरजच राहत नाही.

गुप्ततावर्धनासाठी जो चूकदर लागतो तो मात्र या अंदाजावरून घेऊ नये. दुरुस्ती आणि पडताळणी पार पडली की बॉबने किती बिट उलटले, हे त्याला नेमके माहीत असते, आणि तो आकडा नमुन्यापेक्षा कितीतरी भरवशाचा आहे. दोन्ही बेसमधील उलटलेल्या बिटांची मोजणी स्वतंत्र ठेवा. एका बेसमधील किल्लीवर ईव्हला किती माहिती मिळाली असेल, हे दुसऱ्या बेसमधील चुकांवरून ठरते, आणि दोन्ही आकडे एकत्र मिसळून सरासरी काढली तर ती माहिती हातून निसटते. तुमच्या कृत्रिम फोटॉनांत एका बेसला ३ टक्के आणि दुसऱ्याला ७ टक्के चूकदर देऊन कार्यक्रम चालवून पाहा. दोन्ही बेसच्या किल्ल्या वेगवेगळ्या ठेवून काढलेली लांबी आणि ५ टक्के सरासरीवरून काढलेली लांबी यांत किती अंतर पडते, ते इथे अवश्य कळवा.